दिवा गेल्यावर चित्राचं काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



घरातली ट्यूब जायला आली की आपल्याला आधी कळतं. ती लुकलुकायला लागते, तिची दोन्ही टोकं काळी पडतात. मग कुणीतरी स्टुलावर चढतं, ती थोडी फिरवून बघतं, स्टार्टर काढून पुन्हा बसवतं. त्यानेही भागलं नाही की कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून नवी ट्यूब येते आणि जुनी भंगारात जाते. ती जपून ठेवावी, असं कुणाच्या मनातही येत नाही. उलट, उशिरा समजणाऱ्या माणसाला आपण ‘ट्यूबलाइट’ म्हणतो, इतकी ती आपल्या घरातली झालेली वस्तू.

आता अशी कल्पना करा, की ती ट्यूब म्हणजेच कलाकृती आहे. एका मोठ्या संग्रहालयाने भरपूर पैसे मोजून ती घेतली आहे, भिंतीवर लावली आहे, लांबून लोक ती बघायला येतात. आणि एक दिवस ती लुकलुकायला लागली. मग काय करायचं? दुकानातून नवी आणायची? आणि आणलीच, तर भिंतीवर उरतं ते मूळ चित्र, की त्याची नक्कल?

हा प्रश्न मी गंमत म्हणून विचारत नाही. गेल्या शंभर वर्षांत जगात अशी बरीच कला झाली, जी रंग आणि कॅनव्हास किंवा दगड आणि छिन्नी यांतून झालेली नाही. ती मोटारी, दिवे, तारा, पत्रा, प्लास्टिक, टीव्हीचे संच यांतून झाली आहे. ती हलते, उजळते, आवाज करते. आणि म्हणूनच ती बिघडते. दगडाची मूर्ती हजार वर्षं उभी राहते. मोटारीचं बेअरिंग दहा वर्षांत झिजतं. या कलेचं जतन करायचं म्हणजे नेमकं काय जतन करायचं, यावर आज मोठमोठ्या संग्रहालयांत वाद चालतात. त्या वादाबद्दल आज बोलायचं आहे. दिसणाऱ्या गोष्टींबद्दल रेडिओवरून बोलायचं म्हणजे थोडी पंचाईतच. पण ट्यूब सगळ्यांनी पाहिली आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

अमेरिकेत डॅन फ्लेविन नावाचा कलावंत होऊन गेला. जन्म १९३३ चा, निधन १९९६ मध्ये. तरुणपणी पोटापाण्यासाठी त्याने न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत पहारेकऱ्याची नोकरी केली. १९६३ च्या मे महिन्यात त्याने आठ फुटांची एक पिवळी ट्यूब आणली आणि भिंतीवर ४५ अंशांत तिरकी लावली. बस्स, एवढंच. तिला नाव दिलं ते त्या दिवसाच्या तारखेचं, आणि ती अर्पण केली ब्रांकुशी या थोर शिल्पकाराला. त्यानंतर फ्लेविनने आयुष्यभर दुसरं काही फारसं केलंच नाही. दोन, चार, सहा आणि आठ फूट या बाजारात मिळणाऱ्या लांबीच्या ट्यूब आणि बाजारात मिळणारे मोजके रंग, एवढ्या सामग्रीत त्याने काम केलं. कधी खोलीच्या कोपऱ्यात, कधी लांबलचक बोळात, कधी दाराच्या चौकटीसारख्या. गुलाबी आणि हिरव्या उजेडाची सीमा पांढऱ्या भिंतीवर जिथे मिटते, तिथे बघणाऱ्याचे डोळे थबकतात. त्यात ट्यूब म्हणजे केवळ निमित्त. भिंत, छत, जमीन आणि बघणाऱ्याचा चेहरासुद्धा त्या चित्रात ओढला जातो.

फ्लेविनच्या कामांत एक मालिका आहे. १९६४ ते १९९० या काळात त्याने रशियन कलावंत व्लादिमीर तात्लिन याच्या नावाने पांढऱ्या ट्यूबचे मनोरे रचले आणि त्यांना ‘स्मारकं’ म्हटलं. हा शब्द तो नेहमी अवतरणचिन्हांत लिहायचा. कारण त्यानेच सांगून ठेवलंय : ही स्मारकं टिकणार ती दिवे टिकतील तोवर, म्हणजे २,१०० तास. संग्रहालय रोज आठ तास उघडं असेल, तर हिशेब करा. नऊ महिनेसुद्धा भरत नाहीत. स्मारक म्हटल्यावर आपल्यासमोर येतो तो काळ्या दगडाचा चौथरा आणि वर ब्राँझचा पुतळा. या गृहस्थाने नऊ महिन्यांची स्मारकं उभारली आणि वर ते हसत हसत सांगितलंही.

अर्थात, दिवे गेले की बदलायचे, हे त्याने गृहीतच धरलं होतं. विकत घेणाऱ्याच्या हातात तो ट्यूबबरोबर एक प्रमाणपत्र देई, आणि त्यावर रचनेची आकृती असे. खरं मूल्य त्या कागदाचं. कागद हरवला, तर भिंतीवरच्या ट्यूबला पुन्हा ट्यूबचीच किंमत.

या प्रकारातून एक मजेशीर खटला उभा राहिला. २००६ मध्ये लंडनच्या एका कलादालनाने फ्लेविनचं एक काम आणि बिल व्हायोला या कलावंताची व्हिडिओ-कलाकृती अमेरिकेहून मागवली. वाहतुकीसाठी सुटे भाग करून खोक्यांत भरलेली. ब्रिटिश सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी खोकी उघडली. आत काय? ट्यूब, पट्ट्या, प्रोजेक्टर, तारा. ते म्हणाले, हे विजेचं सामान आहे. कलाकृतीवर कर लागायचा पाच टक्के, विजेच्या सामानाला पूर्ण दर. प्रकरण न्यायाधिकरणाकडे गेलं आणि २००८ मध्ये निकाल लागला की नाही, ही शिल्पंच आहेत. पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१० मध्ये युरोपीय आयोगाने एक नियम काढून तो निकाल फिरवला. फ्लेविनचं काम म्हणजे भिंतीवर लावायचे दिवे, असं ठरलं. आणि त्याचं कारण देताना आयोगाने जे म्हटलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की हे उपकरण कलाकृती नव्हे. ते चालू केल्यावर जो प्रकाशाचा परिणाम होतो, ती कलाकृती.

बघा, करवसुलीच्या कागदात केवढी मोठी गोष्ट सांगून टाकली! कलाजगतात या नियमाची खूप टर उडवली गेली आणि ती रास्तही होती; खोक्यातल्या बासरीवर लाकडाचा कर लावण्यातला हा प्रकार. पण वाक्य मात्र चुकीचं नाही. कला वस्तूत आहे, की वस्तू जे घडवते त्यात आहे? ज्या ब्रांकुशीला फ्लेविनने पहिली ट्यूब अर्पण केली, त्याचंही एक ब्राँझचं पक्षी-शिल्प १९२६ मध्ये अमेरिकन सीमाशुल्कवाल्यांनी अडवलं होतं. पंख नाहीत, चोच नाही, तर हा पक्षी कसला, म्हणून त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या आणि दवाखान्यातल्या भांड्याकुंड्यांच्या वर्गात घातलं. १९२८ मध्ये न्यायालयाने ते शिल्प आहे असा निकाल दिला, तेव्हा ते सुटलं. पण ब्रांकुशीचा पक्षी निदान बंद पडत नव्हता.

या सगळ्याची सुरुवात कुठे झाली ते बघायला थोडं मागे जावं लागेल. १९१९-२० चा हिवाळा, मॉस्को शहर. क्रांती झालेली, यादवी युद्ध चाललेलं, कारखाने बंद, खायची भ्रांत. अशा दिवसांत नाउम गाबो नावाच्या तरुण शिल्पकाराला विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं की, शिल्पात ‘काळ’ हाही माल म्हणून वापरता येतो. यंत्राचे भाग कुठे मिळेनात. अखेर एका जुन्या विजेच्या घंटेचं विद्युत्-चुंबक त्याच्या हाती लागलं. त्यावर त्याने जेमतेम दोन फुटांची एक पोलादी काडी उभी केली. वीज दिली की काडी थरथरते, आणि तिच्या जागी हवेत एक नागमोडी, पारदर्शक आकार उभा राहतो. वीज बंद केली, की पुन्हा नुसती काडी. शिल्प कुठे गेलं? काडी तर समोर आहे! त्याच १९२० साली तात्लिनने आपल्या प्रचंड मनोऱ्याचा नमुना पेत्रोग्रादमध्ये मांडला. चारशे मीटर उंचीचा, आत फिरणाऱ्या काचेच्या इमारती, एक वर्षातून एकदा फिरणारी, एक महिन्यातून एकदा, एक दिवसातून एकदा. तो कधी बांधलाच गेला नाही, आणि तो नमुनाही पुढे नाहीसा झाला. फ्लेविनने स्मारकं उभारली ती याच तात्लिनची.

गाबोची काडी आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. पण तिथे प्रेक्षकांपुढे थरथरते ती १९८५ मध्ये केलेली प्रतिकृती.

आता मी तुम्हाला या विषयातल्या माझ्या सर्वांत आवडत्या यंत्राकडे नेतो. ते केलं लास्लो मोहोली-नॉज या हंगेरियन कलावंताने. १९२३ ते १९२८ अशी पाच वर्षं तो जर्मनीतल्या बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत शिकवत होता. हा माणूस मुळातच ‘कलावंताचा हात’ वगैरे गोष्टींना फारशी किंमत न देणारा. आपल्याकडे जुन्या दुकानांवर, रेल्वेच्या फलाटांवर इनॅमलच्या चकचकीत पाट्या असायच्या, आठवतात? तशा पाट्या करणाऱ्या कारखान्याकडून त्याने १९२३ मध्ये चित्रं करून घेतली. एकच रचना, लहान-मध्यम-मोठी अशा तीन मापांत. पुढे तो सांगायचा की, मी ही चित्रं टेलिफोनवरून मागवली. त्याची पहिली पत्नी ल्युसिया हिच्या आठवणीप्रमाणे मात्र तो स्वतः गेला होता, आणि परत येऊन म्हणाला होता की, हे तर फोनवरूनसुद्धा करता आलं असतं. मला ल्युसियाचं म्हणणं जास्त पटतं. चांगली गोष्ट सांगताना कलावंत थोडं मीठ-मसाला घालतातच.

त्याच्या डोक्यात कित्येक वर्षं एक यंत्र घोळत होतं. इश्तवान शेबॉक हा वास्तुरचनाकार आणि एक कुशल यंत्रकारागीर यांच्या साथीने, आणि एईजी या विजेच्या सामानाच्या बड्या जर्मन कंपनीच्या मदतीने ते उभं राहिलं आणि १९३० मध्ये पॅरिसच्या एका प्रदर्शनात मांडलं गेलं. नाव मोठं चमत्कारिक : ‘विजेच्या रंगभूमीसाठी प्रकाशाचं साहित्य’. दीड मीटर उंचीचं. निकेलचा मुलामा दिलेलं पितळ, पोलाद, अ‍ॅल्युमिनिअम, काच, प्लास्टिक आणि खाली मोटार. एका फिरत्या चकतीचे तीन भाग केलेले. एका भागात धातूच्या पट्ट्या झेंड्यांसारख्या डुलतात, दुसऱ्यात भोकं पाडलेल्या गोल चकत्या हलतात, तिसऱ्यात काचेचं मळसूत्र फिरतं. हे सगळं मूळ कल्पनेत एका १२० सेंटिमीटरच्या खोक्यात होतं. खोक्याला समोर गोल खिडकी, तिच्याभोवती आतल्या बाजूने पिवळे, हिरवे, निळे, तांबडे, पांढरे असे सत्तरेक छोटे दिवे आणि पाच मोठे. हे दिवे कधी लागायचे आणि कधी विझायचे, ते ठरवायला एक फिरता ड्रम. दोन मिनिटांत एक खेळ पूरा.

हा ड्रम म्हणजे काय, हे सांगायला मला पॅरिसला जायची गरज नाही. आपल्या सणासमारंभांतली जुनी रोषणाई आठवा. दिव्यांच्या माळांतून धावणारी नक्षी, फिरणारं चक्र, उघडझाप करणारं कमळ. आता ते सगळं एका छोट्या चिपवर होतं. पण पूर्वी मंडपामागे एक लाकडी रूळ फिरत असायचा, त्यावर तांब्याच्या पत्र्या ठोकलेल्या. पत्री तारेला टेकली की दिवा लागला, सुटली की गेला. मोहोली-नॉजचा ड्रम याच जातीचा. आणि पुण्याच्या गणेशोत्सवातले हलते देखावे? तिथेही मोटार, पट्टा, प्लायवूड आणि कुणा कारागिराचं डोकं. फरक एवढाच, की दहा दिवसांनी तो देखावा सुटा होतो, मोटार पुढच्या वर्षासाठी गोदामात जाते, आणि ‘मूळ देखावा कुठे जपलाय’ असं कुणी विचारत नाही.

मोहोली-नॉजचं यंत्र मात्र जपलं गेलं. आणि कसं ते ऐका. हिटलरच्या काळात तो जर्मनी सोडून हॉलंडला गेला, तिथून लंडनला, तिथून १९३७ मध्ये शिकागोला. हे अवजड धूड त्याच्याबरोबर. त्याची दुसरी पत्नी सिबिल हिने लिहून ठेवलंय, की प्रत्येक सरहद्दीवर या यंत्राने छळलं. हे आहे तरी काय, हे अधिकाऱ्यांना कसं सांगायचं? मग कधी ते मिश्रण करायचं यंत्र झालं, कधी कारंजं, कधी धातूंचे नमुने मांडायचं स्टँड, तर कधी यंत्रमानव. म्हणजे फ्लेविनच्या खोक्यांच्या कितीतरी आधी ही गाठ पडलेली होती. १९४६ मध्ये मोहोली-नॉज रक्ताच्या कर्करोगाने गेला. १९५६ मध्ये सिबिलने ते यंत्र हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयाला दिलं.

तोवर ते खोकं आणि त्यातले दिवे केव्हाच गेले होते. यंत्राची दुरुस्ती झाली, काही भाग बदलले, मुलामा पुन्हा चढवला गेला. आज ते तिथे एका चौथऱ्यावर उभं असतं, चकचकीत, देखणं, एखाद्या शिल्पासारखं. आणि माझ्या मते इथेच गफलत आहे. कारण ते शिल्प म्हणून केलेलंच नव्हतं. ते दिव्याचं साधन होतं, त्याच्या नावातच तसं म्हटलंय. बघायचं होतं ते यंत्र नव्हे. त्याने भिंतीवर, छतावर टाकलेल्या सावल्या, एकमेकांवरून सरकणारी जाळी, अचानक मोठी होऊन विरून जाणारी वर्तुळं. मोहोली-नॉजने स्वतः लिहिलंय, की यंत्र पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा त्या सावल्यांनी तोच चकित झाला, मालकाची जादू गुपचूप करून बघणाऱ्या शिकाऊ पोरासारखं त्याला वाटलं. त्याने या यंत्रावर पाच-सहा मिनिटांचा एक कृष्णधवल चित्रपट काढला. त्यातही यंत्राचं रूप धड दिसत नाही, दिसतो तो प्रकाश.

मग जतन कशाचं करायचं? हार्वर्डचं मूळ यंत्र रोज तासन्‌तास चालवलं, तर ते झिजून जाईल. न चालवलं, तर ते ज्यासाठी केलं ते घडतच नाही. मधला मार्ग म्हणून १९७० मध्ये एमआयटीतल्या वुडी फ्लॉवर्स या तरुण अभियंत्याने त्याच्या प्रतिकृती केल्या. (पुढे हेच फ्लॉवर्स विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धांमुळे नावारूपाला आले.) २००६ मध्ये आणखी एक प्रतिकृती झाली. त्या चालतात, अंधाऱ्या खोलीत भिंतींवर सावल्या नाचवतात. मला विचाराल, तर थांबलेल्या मूळ यंत्रापेक्षा चालणारी प्रतिकृती मोहोली-नॉजच्या अधिक जवळची आहे. ज्याने आपली चित्रं पाट्यांच्या कारखान्यातून करून घेतली, त्याला आपल्या बोटांचे ठसे जपले जावेत असं वाटलं असतं, हे मला पटत नाही. पण संग्रहालयातल्या तज्ज्ञांचा मुद्दाही ऐकण्यासारखा आहे. मूळ यंत्रावर जिथे भाग हाताने कापलाय, जिथे स्क्रूची भोकं चुकून पुन्हा पाडली आहेत, तिथे हे कसं घडलं याची कहाणी आहे. प्रतिकृतीत ती येत नाही. ती गुळगुळीत होते.

यावर टोकाचं उत्तर दिलं ते ज्याँ टिंगेली या स्विस कलावंताने. १७ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या अंगणात त्याने सायकलची चाकं, मोटारी, एक पियानो, बाथटब असं भंगार जोडून एक अवाढव्य यंत्र उभं केलं. त्याचं काम एकच : स्वतःला मोडून टाकणं. बेल प्रयोगशाळेतला अभियंता बिली क्लुव्हर त्याच्या मदतीला होता. सत्तावीस मिनिटं ते खडखडलं, धुमसलं, पेटलं, आणि शेवटी अग्निशामक दलाच्या माणसाने ते विझवलं. कलाकृती संपली. गंमत अशी, की त्याचाही एक तुकडा संग्रहालयाने जपून ठेवलाय! या क्लुव्हरनेच पुढे १९६६ मध्ये रॉबर्ट राउशेनबर्ग वगैरे कलावंतांबरोबर कलावंत आणि अभियंते यांना एकत्र आणणारी संस्था काढली. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये दहा कलावंत आणि तीसेक अभियंत्यांनी मिळून नऊ रात्री प्रयोग केले. त्या मंडळींचे धागे पुढे आपल्या गुजरातेतल्या आणंदपर्यंत आले. पण तो विषय वेगळा.

आपल्याकडेही हा प्रश्न आता दारात आला आहे. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या नलिनी मलानी यांनी २००३ मध्ये ‘गेमपीसेस’ नावाचं काम केलं. पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा कारखान्यांत वापरला जातो. त्याच्या मोठ्या नळकांड्यांवर त्यांनी आतल्या बाजूने, म्हणजे उलटं, चित्रं काढली. नळकांडी छतावरून लोंबती, मोटारीने संथ फिरणारी, त्यांतून प्रकाश सोडलेला. भिंतीवर रंगीत सावल्या फिरतात आणि त्यांत चलत्-चित्रं मिसळतात. २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासल शहरातल्या मोठ्या प्रदर्शनातही त्यांची अशी पाच नळकांडी फिरली. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर मंडळी पडद्यामागे दिवा लावून चामड्याच्या बाहुल्या नाचवतात, त्याची इथे आठवण होते. दिवा तेलाचा असो की विजेचा, पडद्यावर येते ती सावलीच. पण पिंगुळीत बाहुली झिजली, तर दुसरी करणारं घर आहे. ती विद्या बापाकडून मुलाकडे येते. प्लास्टिकचं नळकांडं, त्याची ठरावीक गतीची मोटार, त्या वर्षीचा प्रोजेक्टर, यांची विद्या कोण कुणाला देणार? कलावंत हयात आहे तोवर विचारता येतं. म्हणून जगातली शहाणी संग्रहालयं आता कलाकृती घेतानाच कलावंताची सविस्तर मुलाखत घेऊन ठेवतात : मोटार बदलली तर चालेल का, वेग किती, आवाज आला तर तो हवा आहे की नको? आपल्याकडे हे फार कमी होतं. आपल्याकडे बटणाशेजारी ‘बंद आहे’ असा कागद चिकटवला की जबाबदारी संपते.

आता पुन्हा फ्लेविनच्या ट्यूबकडे येऊ, कारण तिथे गोष्ट वेगळ्याच वळणावर आली आहे. फ्लेविनने गृहीत धरलं होतं, की ट्यूब गेली तर दुकानातून आणता येईल. पण दुकानच उठलं तर? ट्यूबमध्ये पारा असतो, आणि पारा विषारी. २०२३ च्या ऑगस्टपासून युरोपीय संघात नेहमीच्या वापरातल्या ट्यूब नव्याने बाजारात आणायला बंदी आली. त्याच वर्षाच्या अखेरीस, पाऱ्याबाबतच्या मिनामाता करारातल्या देशांनी नेहमीच्या उजेडाच्या ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ च्या अखेरीपर्यंत थांबवायचं ठरवलं. पर्यावरणाच्या दृष्टीने निर्णय योग्यच आहे, त्याबद्दल दुमत नको. आपल्या घरांतही एलईडीच्या पट्ट्या आल्याच आहेत. फ्लेविनने वापरलेल्या दीड इंच जाडीच्या ट्यूब तर त्याच्याही आधीच दुर्मीळ झाल्या. संग्रहालयं जुन्या ट्यूबचे साठे करून बसली आहेत.

मग एलईडी लावायला काय हरकत आहे? हरकत आहे ती अशी. ट्यूबच्या आत पाऱ्याची थोडी वाफ असते. तिच्यातून वीज गेली, की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात, आणि काचेला आतून लावलेली भुकटी त्यांचं रूपांतर दिसणाऱ्या उजेडात करते. त्यामुळे अख्खी नळी उजळते, चहूबाजूंनी. एलईडीच्या पट्टीत बारीक दिवे एका बाजूला ओळीने बसवलेले असतात, आणि बहुतेक उजेड समोर पडतो. घरात वाचायला तेच बरं. पण फ्लेविनचं काम घडतं ते मागच्या भिंतीवर! ट्यूबच्या पाठीमागचा उजेड गेला, तर त्या कामाचा निम्मा जीव गेला. रंगांचंही तसंच. भुकटीतून येणारा हिरवा आणि एलईडीचा हिरवा यांची जात वेगळी, आणि गुलाबीशी ते वेगवेगळ्या तऱ्हेने मिसळतात.

म्हणजे उलटाच न्याय झाला. जी वस्तू कुणालाही, कुठेही, स्वस्तात मिळते म्हणून त्याने निवडली, तीच आता मुद्दाम जपावी लागते, उद्या कदाचित एखाद्या कारागिराकडून एकेक करून घडवावीही लागेल. कारखान्याचा माल हस्तकला होऊन बसला! तरीही मी म्हणेन, घडवून घ्यावी. त्या नळीला मोल नाही, पण तिच्या पाठीमागच्या भिंतीवर जे पडतं त्याला आहे.

हाच पेच कोरियात फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, आणि तिथे त्यांनी तो कसा सोडवला ते सांगून मी थांबतो. नाम जून पैक हा कोरियात जन्मलेला, जपान-जर्मनी-अमेरिकेत वाढलेला कलावंत. टीव्हीच्या संचाला कलेत आणणारा पहिल्या फळीतला माणूस. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या वर्षी त्याने राष्ट्रीय संग्रहालयाच्या ग्वाचन इथल्या इमारतीत टीव्हींचा एक मनोरा रचला. साडेअठरा मीटर उंच, बौद्ध पॅगोड्यासारखा वर निमुळता होत गेलेला, आणि त्यात १,००३ पडदे. आकडा उगाच नाही; ३ ऑक्टोबर हा कोरियाचा राष्ट्र-स्थापना दिन, म्हणजे दहाव्या महिन्याची तीन तारीख. नाव ‘जितकं जास्त तितकं चांगलं’. सगळे संच जुन्या पद्धतीचे, मागे फुगीर काचेचा मोठा कुंभ असलेले, आपल्या घरात शोकेसमध्ये दीड हात जागा अडवून बसायचे तसे.

पैक २००६ मध्ये वारला. संच एकामागून एक जळू लागले. असे संच करणं जगभरात बंद झालेलं, सुटे भाग मिळेनात, आग लागायची भीती. २०१८ च्या फेब्रुवारीत मनोरा बंद केला गेला. मग वाद सुरू झाला. कुणी म्हणालं, सगळे पडदे सपाट करा, पैक स्वतः नव्या तंत्राचा भोक्ता होता. कुणी म्हणालं, तो फुगीर काचेचा पडदा, त्याची ती किंचित थरथरती चमक गेली तर पैकच गेला. कुणी म्हणालं, पाडून टाका, आयुष्य संपलं त्याचं.

संग्रहालयाने शेवटी काय केलं? जुने वापरलेले संच आणि त्यांचे सुटे भाग शोधून शोधून गोळा केले, आणि १,००३ पैकी ७३७ पडदे दुरुस्त केले, तेही जुन्याच पद्धतीचे. जे काही केल्या जमले नाहीत, मुख्यतः मनोऱ्याच्या वरच्या भागातले लहान पडदे, ते २६६ सपाट पडद्यांनी बदलले. मात्र बाहेरचं रूप शक्य तितकं तसंच राखलं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मनोरा पुन्हा उजळला. तोही दिवसभर नव्हे, ठरावीक वेळापुरताच, म्हणजे झीज कमी व्हावी. आणि कुठला पडदा जुना, कुठला नवा, कशासाठी बदलला, याची नोंद त्यांनी लिहून ठेवली आहे. उरलेल्या ७३७ मधला पुढचा पडदा विझेल, तेव्हा शिडीवर चढणाऱ्या माणसाच्या हातात निदान ती नोंद असेल.